निघू या, नाखवा?

बातमी आली तेव्हा मी ऑपरेशन थिएटरमध्ये सिरिंजांवर लेबलं चिकटवत होते. सकाळची पहिली केस टेबलावर यायची होती. मॅडमच्या यजमानांचा फोन आहे असं बाहेरून कुणीतरी सांगितलं आणि मला जे कळायचं ते तिथंच कळलं. तरी फोन घेतला. "हेमा, सुमती गेली गं..." एवढंच ते म्हणाले. मी परत आत आले आणि उरलेली लेबलं चिकटवली. आमच्या कामात हे असंच असतं, बाहेर स्ट्रेचरवर एक माणूस उपाशीपोटी छताकडे बघत पडलेला असतो, त्याला थांबवता येत नाही. केस झाली, पेशंटनं डोळे उघडून पाणी मागितलं, तेव्हा कुठे मी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि पोटभर रडून घेतलं.

डॉ. सुमती म्हणजे भूल देणाऱ्या डॉक्टर. तुमच्यापैकी कितीतरी जण त्यांच्या हाताखालून गेले असतील, पण नाव आठवणार नाही. त्यात तुमची काही चूक नाही. ज्यानं पोट उघडलं त्या सर्जनला लोक पेढे देतात, आणि जिनं तेवढा वेळ जीव सांभाळला ती लक्षात राहू नये अशी सोय तिनंच केलेली असते. मॅडम याच्यावर खूप हसायच्या. "पेशंटला मी आठवले नाही म्हणजे माझं काम फत्ते," म्हणायच्या. अलिबागपासून पार श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही छोट्या हॉस्पिटलात ऑपरेशन असलं की त्यांची लहानशी गाडी आणि मागच्या सीटवरची ती जाड बॅग हजर. मूळच्या तळा गावच्या, भातशेतीवाल्या घरातल्या. सगळं आयुष्य किनाऱ्यावर काढलं, पण समुद्राची भीती अशी की विचारू नका. आगरदांड्याहून दिघीला गाडीसकट बोटीत चढलं की माणूस पटकन पलीकडे उतरतो. या बाई मात्र तळा-म्हसळा करत डोंगरातून लांबचा वळसा घालून श्रीवर्धनला जाणार. मी थळच्या कोळ्याची पोर, मी चिडवल्याशिवाय राहते होय? "पाण्यात पाय बुडवून तरी बघा मॅडम, मीठ लागेल, बाकी काही नाही," असं मी म्हणायची आणि त्या माझ्याकडे डोळे वटारून बघायच्या.

मी या हॉस्पिटलात नोकरीला लागले त्या पहिल्या दिवसाची केस मला अजून जशीच्या तशी आठवते. तेव्हा थायोपेंटोनचा जमाना होता. पिवळसर भुकटी, पाण्यात विरघळवून भुलीसाठी शिरेतून द्यायची. आत गेली की लसणीचा वास आल्यासारखं वाटतं. टेबलावर चौलकडची एक भाजीवाली मावशी होती, आत आल्यापासून तिची टकळी चालूच. मॅडमनी सिरिंज लावली, तशी ती नाक मुरडून म्हणाली, "लसणीचा वास कुठून येतोय? कोणी फोडणी घात..." आणि थांबली. वाक्य तिथंच तुटलं. पापण्यांना हात लावला तरी हालचाल नाही, श्वाससुद्धा थांबल्यासारखा. बोलणारी बाई डोळ्यांदेखत अशी विझावी... मी पुटपुटले, "गेली?" मॅडम तिच्या डोक्याशी उभ्या होत्या, दोन्ही हातांनी तिची हनुवटी वर उचलून धरलेली, मास्कमधून तिला श्वास देत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "गेली नाही, निघालीये. मी आहे ना तिच्याबरोबर." ऑपरेशन संपल्यावर ती मावशी जागी झाली आणि पहिला शब्द काय काढला असेल? "...घातली?" तुटलेल्या वाक्याचं शेपूट! मी हसावं की हात जोडावेत हेच कळेना. मी हात जोडले. मॅडमनी ते बघितलं आणि मला वेड्यात काढलं नाही, एवढं मला पुष्कळ होतं.

पुढे औषधं बदलत गेली. जळालेल्या पेशंटचं ड्रेसिंग असलं की केटामिन असायचं. त्यात माणसाचे डोळे उघडे राहतात, बुबुळं इकडून तिकडे फिरतात, आणि तरी तो तिथं नसतो. घराच्या खिडक्या सताड उघड्या आणि आत कुणी नाही, तसं काहीतरी. शुद्धीवर येताना कुणी रडतं, कुणी सांगतं की मी छताला टेकून खाली बघत होतो. मग प्रोपोफॉल आलं, दुधासारखं पांढरं. हातात किंचित जळजळतं आणि दंडातून निघालेलं रक्त मेंदूपर्यंत पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माणूस निघालेला असतो. मी इतकी वर्षं हे बघतेय. मला याची सवय झाली नाही आणि होऊही नये असं वाटतं. सिरिंजभर द्रव आत जातो आणि माणसाचं नाव, गाव, भांडणं, काळज्या, सगळं बंद. थांबवलं की सगळं परत, जागच्या जागी, एक वाटीसुद्धा इकडची तिकडे झालेली नाही. हे सगळं मधल्या वेळात कुठे असतं? मी एकदा मॅडमना विचारलं. मला वाटलं, शिकलेल्या बाई आहेत, मेंदूचं चित्र काढून समजावतील. त्या म्हणाल्या, "औषध कुठे जाऊन चिकटतं ते मला सांगता येईल. माणूस कुठे जातो ते नाही येत गं." म्हणूनच असेल, प्रत्येक पेशंट शुद्धीवर आला की त्या त्याच्या कानाशी वाकून विचारायच्या, "काय दिसलं?" बहुतेकांना काहीच दिसलेलं नसायचं. तरी पुढच्याला परत विचारायच्याच. आणि भूल देताना थिएटरमध्ये कुणी गप्पा मारलेल्या त्यांना खपायच्या नाहीत. सर्जनलाही दटावायच्या, "माणूस निघालाय. जरा गप्प बसा."

अशात माझ्या बाबांवर पाळी आली. माझे बाबा काशिनाथ नाखवा. स्वतःची बोट, सारा जन्म दर्यावर. नंतर बोट माझ्या भावानं घेतली तरी हे किनाऱ्यावर उभे राहून त्याला शिव्या घालणारच. त्यांच्या पित्ताशयात खडे झाले. दुखणं उठलं की हा पहाडासारखा माणूस गुडघे पोटाशी घेऊन लोळायचा. त्यात हृदय आधीच एक झटका खाऊन दुबळं झालेलं. आमच्या सर्जननी स्पष्ट सांगितलं, आता दुखणं वाढून पित्ताशय सडलं तर जिवावर बेतेल, त्याआधी ऑपरेशन उरकलेलं बरं. आणि हे ऑपरेशन पूर्ण भूल दिल्याशिवाय होत नाही. बाबा हटून बसले. कापण्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. "कापा किती कापायचं त्ये. पन मना जागा ठेवा," त्यांचं एकच. "खाडीच्या तोंडाशी बोट असताना मी कवा दुसऱ्याच्या हाती सुकानू दिलं न्हाय. आन आता माझाच जीव झोपंत दुसऱ्याच्या हाती देऊ?" आई रडली, भाऊ चिडला, मी नर्स असल्याचा तोरा मिरवून बघितला. बाबा ढिम्म.

मी मॅडमना सांगितलं ते वैतागून सांगितलं. त्या हसल्या नाहीत. पुढच्याच रविवारी स्वतः गाडी घेऊन थळला आमच्या घरी आल्या, ओट्यावर बसल्या, आईनं दिलेला चहा प्यायल्या आणि बाबांना म्हणाल्या, "नाखवा, मला एकदा बोटीतून नेऊन आणा." मी तोंडावर हात ठेवला. दिघीच्या बोटीत पाय न ठेवणारी बाई! बाबांनी विचारलं, "कशापायी?" तर म्हणाल्या, "मला समुद्राची फार भीती वाटते. मी माझा जीव तुमच्या हातात देऊन बघते. मग तुम्हाला माझ्या हातात द्यावासा वाटला तर द्या, नाहीतर नका देऊ."

थंडीचे दिवस होते, समुद्र अगदी शांत. भावाची बोट काढली. समोरच्या खांदेरी बेटाच्या दिशेनं निघालो. आमच्या लेखी ते पाणी म्हणजे अंगण, पण मॅडमचे ओठ पांढरे पडलेले, दोन्ही हातांनी फळी अशी धरलेली की नखं रुतावीत. किनारा मागे पडला आणि त्या ओकल्या. मी पाठ चोळत होते. बाबा सुकाणूवरून हलले नाहीत, तिथूनच म्हणाले, "बाय, पान्याकडं बगू नको. लांब डोंगराकडं बग." तोवर ते त्यांना 'डॉक्टरीणबाय, तुमी' म्हणत होते, तिथून पुढे 'बाय' आणि 'तू' झालं ते कायमचं. जरा बरं वाटल्यावर मॅडमनी विचारलं, "नाखवा, रात्री जाळं टाकून बाकीचे झोपतात तेव्हा तुम्ही काय करता?" बाबा म्हणाले, "काय करनार? आयकतो. मशीनीचा आवाज जरा बदलला तरी कळतं. पान्याचा बदलला तरी कळतं. डोळं मिटलं तरी कान मिटत न्हाय." मॅडम एकदम सरळ बसल्या. "मी पण तेच करते हो! तुमच्या हृदयाचा टीक टीक आवाज मशीनमधून येत असतो. तो जरा बदलला तर मला कळतं. समजा, आपण दर्यावर निघालोय. तुम्ही झोपा, मी आवाज ऐकत बसेन."

बाबांनी इंजिन जरा हळू केलं. मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "तू सवता कवा गेलीयंस तिथं?" मॅडमचं कधी कुठलं ऑपरेशन झालेलं नव्हतं. भूल त्यांनी कधी घेतलीच नव्हती. त्या म्हणाल्या, "नाही." बाबांनी मान हलवली. "जी खाडी आपन बगितली न्हाय, तिथं मी खलाशांना नेत न्हाय. आन तू मानसांना नेतंस... भिऊ नका, काय होत न्हाय, असं सांगतंस. कशाच्या जोरावर?" मला बाबांचा राग आला, लाजही वाटली. मॅडमना मात्र राग आला नव्हता. त्या खांदेरीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "खरंय. आत काय आहे ते मला माहीत नाही. दारापर्यंत मी रोज जाते. माणूस कुठून आत जातो, कुठून बाहेर येतो, ते मला पाठ आहे. आणि तो आत असतो तोवर मी दारातून हलत नाही. याच्यापुढचं मी ऐकीव बोलते, नाखवा." बाबांनी बोट वळवली. किनारा जवळ आल्यावर म्हणाले, "गेले व्हते म्हनाली असतीस तर आलो नसतो. खरं बोललीस. आता सांग कवा यायचं त्ये."

ठरल्या दिवशी मी ड्यूटीसाठी आधी निघाले, आई आणि भाऊ बाबांना घेऊन मागून आले. आदल्या दिवशी बजावलं होतं, रात्रीनंतर पाण्याचा थेंबसुद्धा नाही. बाहेर 'सांगितलेलं पाळलं ना' असं विचारलं तेव्हा आई आणि भाऊ दोघांनी माना डोलावल्या. बाबा टेबलावर आले. छातीला तारा, बोटाला चिमटा, हातात सलाईन. सर्जन हात धुऊन तयार. मॅडमच्या हातात सिरिंज होती. त्या वाकल्या आणि म्हणाल्या, "निघू या, नाखवा?" बाबा मोठ्यानं म्हणाले, "निघूया, बाय! पोटभर खाऊन आलोय. तांदळाची भाकर न सुकट."

मॅडमचा अंगठा सिरिंजवर होता तो उचलला गेला. पोटात अन्न असताना भूल दिली तर ते वर येऊन श्वासनलिकेत जातं, आणि मग माणूस वाचवणं फार अवघड. झालं होतं ते असं, की बोटीतलं बोलणं बाबांनी घरी येऊन आईला सांगितलं होतं. दर्यावर निघालोय असं समजा! आणि आमच्या घरातून दर्यावर कुणी कधी उपाशी गेलेलं नाही. आईचा तो नेमच आहे, बोट निघायच्या आधी चूल पेटलीच पाहिजे. डॉक्टर उपाशी ठेवतात ते आजाऱ्याला. हे तर दर्यावर निघालेले... तिनं मुकाट्यानं भाकऱ्या थापल्या होत्या. सर्जन भडकले, ते भडकणारच. मॅडमनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली, स्टुलावर बसल्या आणि हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग बाहेर जाऊन आईचा हात धरून म्हणाल्या, "चूक माझीच हो, मीच दर्याचं नाव काढलं. पण माझ्या दर्यावर रिकाम्या पोटानंच निघायचं असतं. भरलेली बोट तिथं बुडते." आईला ते असं काही पटलं की दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःही पाण्याला तोंड लावलं नाही.

त्या दुसऱ्या दिवशी मॅडमनी प्रोपोफॉल बाजूला ठेवलं. त्यानं रक्तदाब खाली येतो आणि बाबांच्या हृदयाला ते झेपलं नसतं. त्यांनी इटोमिडेट काढलं, हृदयाला फार न दुखवणारं. किती हळू दिलं म्हणून सांगू! घशाखाली उतरेल का याचा अंदाज घेत तान्ह्या बाळाला चमच्यानं पाजावं, तसं. दर थेंबाला नजर मशीनवर, हात बाबांच्या हनुवटीखाली. माझ्या बापाचे डोळे मिटले. त्या सुकाणू धरणाऱ्या हाताची मूठ मी पहिल्यांदाच उघडी पडलेली बघितली. मध्ये एकदा टीक टीक मंदावली. मला ते नंतर समजलं, मॅडमना आधीच समजलं होतं, त्यांचा हात दुसऱ्या सिरिंजकडे गेलाही होता. "गॅस सोडा जरा," त्या सर्जनना म्हणाल्या, आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोटात भरलेली हवा सर्जननी सोडेपर्यंत त्यांनी औषध दिलेलं होतं. आवाज परत तालावर आला. मी देव कधी पाहिलेला नाही. पण कुणाच्या हातात किती मावतं ते त्या दिवशी पाहिलं, आणि माझी मान आपोआप खाली झुकली.

बाबा जागे झाले. मॅडम वाकल्या. "काय दिसलं, नाखवा?" बाबांनी घोगऱ्या आवाजात उलट विचारलं, "कवा निगायचं?" "जाऊन आलात की!" तर हे खेकसले, "काय तरी सांगू नको, बाय. मी निगालोच न्हाय अजून." पोटावरच्या पट्ट्या दाखवल्या तेव्हा कुठे विश्वास बसला. सगळं हॉस्पिटल हसलं. पण मॅडम त्या दिवशी गाडीत बसण्याआधी मला म्हणाल्या, "तुझ्या बाबांचा प्रश्न काही जात नाही गं डोक्यातून."

तो प्रश्न पुढे कितीतरी वर्षं त्यांच्याजवळ राहिला असणार. गेल्या वर्षी त्यांच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन मुंबईला. भूल द्यायला त्यांच्याच हाताखाली शिकलेला डॉक्टर होता, त्यानं मला आत येऊ दिलं. टेबलावर पडल्या पडल्या त्याला म्हणाल्या, "हात आखडता घेऊ नकोस हो, तळ्याची माणसं दणकट असतात." त्यानंही हसून घेतलं. मी त्यांचा हात धरला होता. पांढरं औषध सलाईनच्या नळीतून पुढे सरकलं. मॅडमचे डोळे टक्क उघडे, सगळं बघायचंच म्हणून ठरवल्यासारखे. "हेमा, चांगलं जळजळतंय गं! आणि मी इतकी वर्षं लोकांना थोडंसं, थोडंसं म्हणून सां..."

ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण काढता आली नाही, ते आम्हाला तेव्हाच कळलं. त्यांना आवाज फुटायला लागल्यावर त्यांनी स्वतःच्या तब्येतीचं काही विचारलं नाही. म्हणाल्या, "नाखव्यांना फोन लाव." मी लावला आणि त्यांच्या कानाशी धरला. "नाखवा... जाऊन आले." पलीकडून बाबांचा आवाज मलाही ऐकू आला, "काय बगितलंस?" मॅडम हसल्या, टाके दुखले म्हणून थांबल्या. "निघालेच नाही हो मी!" दोघं हसत होते, एक मुंबईत, एक थळला, आणि मी फोन धरून मध्ये रडत होते. नंतर त्या मला म्हणाल्या, "भिऊ नका म्हणून हजारो लोकांना सांगितलं, पण ते उसनं होतं. आता माझं स्वतःचं आहे. आता पुढचं काय यायचं ते येऊ दे." त्यानंतर त्या काही महिने होत्या. शेवटचे दिवस घरीच, दुखणं थांबवायच्या औषधाखाली, बराचसा वेळ झोपेतच.

बातमीच्या दिवशी संध्याकाळी मी थळला गेले. बाबा आता ऐंशीच्या पुढचे आहेत, ऐकायला कमी येतं, म्हणून जवळ बसून मोठ्यानं सांगावं लागलं. त्यांनी ऐकलं. मग कितीतरी वेळ समोर बंदरात उभ्या असलेल्या बोटींकडे बघत बसले. आईनं दिवा लावला तरी उठले नाहीत. मला वाटलं, कळलं नाही की काय. मी परत सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात म्हणाले, "भ्याली असंल का गं ती?"

मी म्हटलं, "माहीत नाही, बाबा."

"न्हाय भ्याली," ते म्हणाले. "येकदा जाऊन आली व्हती ना ती."